सातव्या आठवड्याचा नमुना

"काल माझ्याशी भांडला की ओ मॅडम!"

विमलअक्का प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडली. बाहेर बाकड्यावर बसलेली चारपाच माणसं वळून बघायला लागली. अक्काच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात भावाचा दंड. भाऊ, म्हणजे भूपाल, नेहमीसारखा फरशीकडे बघत उभा होता.

"का? काय झालं?" मी तिला विचारलं.

"आमटीत मीठ न्हाई म्हणाला. मी म्हटलं, घातलंय. तर म्हणतो, तूच बघ चाखून. चाखली, तर खरंच न्हवतं!" एवढं बोलून ती माझ्या टेबलाची कड धरून रडायला लागली. "अकरा वर्षं झाली, मॅडम. पुढ्यात ठेवलं ते खाल्लं. कच्चं पीठ ठेवलं असतं तरी खाल्लं असतं ह्यानं."

मी भूपालकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मग तो फरशीकडे बघतच म्हणाला, "अळणीच होती."

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि कृष्णाकाठच्या एका रुग्णालयात जीवरसायन विभागात काम करत होते. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. रणदिवे स्किझोफ्रेनियाच्या बावीस रुग्णांवर एका पावडरीची चाचणी घेत होते. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, ते गोळ्यांनी बऱ्याचदा थांबतात. पण आजाराचा दुसरा अर्धा भाग गोळ्यांना दाद देत नाही. माणूस बोलत नाही, अंघोळ करत नाही, त्याला काही हवंसं वाटत नाही. ती पावडर या दुसऱ्या भागासाठी होती.

तिचं नाव डी-सेरीन. सेरीन हे आपल्या अंगातलंच एक अमिनो आम्ल आहे. त्याची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखी. अन्नातून येतं आणि शरीरभर सापडतं ते एल-सेरीन. त्यातलं थोडंसं उलटवून मेंदू त्याचं डी-सेरीन करतो. पूर्वी आम्हाला शिकवायचे की असलं उलटं रूप फक्त जिवाणूंमध्ये असतं, माणसात त्याचं काही काम नाही. नंतर कळलं की शिकणं, आठवणं, एखाद्या गोष्टीकडे मन लागणं, या सगळ्यात त्याचा हात आहे, आणि स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ते कमी भरतं.

भूपाल चौगुले छत्तीस वर्षांचा होता. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून लागला होता, कालव्यांचे आणि दरवाज्यांचे नकाशे काढायचा. पंचविसाव्या वर्षी आवाज सुरू झाले. एकदा त्यांच्या सांगण्यावरून घरातून निघून गेला तो नऊ दिवसांनी बेळगावच्या पुढे सापडला, पायांच्या चिंध्या झालेल्या. गोळ्यांनी वर्षभरात आवाज गेले, पण त्यांच्याबरोबर तोही गप्प झाला. आईवडील वारले. मोठी बहीण विमल गावात अंगणवाडी चालवायची. तिनं लग्न केलं नाही. भूपालला कुणापाशी ठेवणार, एवढंच ती त्याबद्दल म्हणायची.

बावीसपैकी निम्म्या रुग्णांना खरी पावडर आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साधी पावडर मिळत होती. कुणाला काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. दर मंगळवारी रुग्ण यायचे. सकाळची पहिली लघवी बाटलीत घरूनच आणायची आणि रक्त इथं द्यायचं. त्यातलं डी-सेरीन मोजणं माझं काम. चाचणी सोळा आठवड्यांची होती; अर्धे नमुने साठले की मी ते यंत्रावर लावायचे, असं ठरलं होतं.

"तुला आकडे दिसतील. कुणाला काय मिळतंय तेही कळेल," डॉ. रणदिवे म्हणाले होते. "पण ते तुझ्यापाशीच राहू देत, संज्योत. मलाही सांगू नकोस. फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला तर त्याच मिनिटाला ये."

धोका होता तो मूत्रपिंडाचा. जास्त डी-सेरीन दिलेल्या उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून दर आठवड्याला लघवीतली प्रथिनं तपासली जायची. एकदा सापडली तर लक्ष ठेवायचं, लागोपाठ दोनदा सापडली तर पावडर बंद.

भूपालच्या लघवीत सहाव्या आठवड्यात प्रथिनं सापडली. सातव्या आणि आठव्या आठवड्यात ती नव्हती. वॉर्डातल्या सिस्टरनं तसं त्याच्या कागदावर लिहिलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तोवर भूपाल स्वतःहून दाढी करायला लागला होता. एकदा मी हातातला आलेख उलटा धरलाय म्हणून त्यानं मला सांगितलं, आणि तो खरंच उलटा होता.

आठव्या आठवड्याच्या गुरुवारी मी नमुने यंत्रावर लावले. भूपालचा क्रमांक चौदा. त्याच्या रक्ताच्या आलेखात डी-सेरीनचा उंच सुळका होता, म्हणजे त्याला खरी पावडर मिळत होती. मी मनातल्या मनात हसले. सहाव्या आठवड्यापर्यंत लघवीतही तसाच सुळका होता, कारण मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. पण सातव्या आठवड्यात लघवीतला सुळका बसला. तुमच्या-माझ्या लघवीत असतं तेवढंच डी-सेरीन होतं तिथं. आठव्यातही तेच. त्याच दिवशीच्या रक्तात मात्र भरपूर.

मला वाटलं यंत्र बिघडलं. शुक्रवारी सगळं परत केलं. तेच आकडे आले. रक्त भूपालचं होतं. बाटली दुसऱ्या कुणाची तरी होती.

मी त्याच मिनिटाला डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. बावीसांमध्ये वागण्या-बोलण्यात एवढी सुधारणा फक्त या एका माणसात दिसत होती, आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध तिच्यावरच उभा राहणार होता, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. माझ्यासमोर एक माणूस आठ आठवड्यांत हळूहळू जागा झाला होता, आणि मी डॉक्टरांचं दार ठोठावलं की त्याला परत आत पाठवणार होते. मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू.

शनिवारी दुपारी स्कूटी काढून त्यांच्या गावी गेले. अक्का ओट्यावर बाजेवर वाळत घातलेल्या शेवया उलटत होती. मला बघून तिला आधी आनंद झाला. मग माझा चेहरा बघून ती हात पुसत उभी राहिली.

"भूपाल कुठाय?"

"आत हाय. जुन्या कॅलेंडरच्या मागं घराचा नकाशा काढतोय. सकाळपास्नं टेप घेऊन भिंती मोजत हिंडला." ती सांगताना पुन्हा हसली. "पाणी देऊ?"

"अक्का, गेल्या दोन मंगळवारच्या बाटल्या कुणाच्या होत्या?"

"कुणाच्या म्हंजे?"

"भूपालच्या नव्हत्या."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही. जे रक्तात आहे ते लघवीत उतरायलाच पाहिजे. तुमच्या बाटलीत ते नव्हतं."

ती बाजेच्या कडेवर बसली. दोन-तीन शेवया तिच्याखाली मोडल्या तरी तिचं लक्ष नव्हतं.

"माझ्या," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाली होती, पुढच्या बारीला पण असंच आलं तर पावडर बंद. मी पाया पडले तिच्या. ती म्हणाली, माझ्या हातात काय न्हाई, अक्का. मग मी तरी काय करणार?"

"पण त्याचं मूत्रपिंड..."

"दोन असतात न्हवं ती? गेली तर माझ्यातलं एक काढून द्या त्याला. हल्ली देतात, मी वाचलंय." तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "पर हे कुणाचं काढून देऊ, मॅडम? हे देता येत असतं तर अकरा वर्षांपूर्वीच दिलं असतं मी."

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"आठच आठवडे राहिलेत," ती म्हणाली. "तेवढं गप बसा. एवढं करा. मी त्याला पाणी जास्त पाजते, जे सांगाल ते करते."

आणि मी हो म्हणणार होते. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. तोंडापर्यंत आलं होतं ते.

"अक्का, मला विचार की," आतून आवाज आला.

भूपाल चौकटीत उभा होता. कानावर पेन्सिल खोचलेली, हातात लोखंडी टेप.

"मी भरून दिलेली बाटली तू न्हाणीत ओतलीस. मी बघितलं ते."

"मग बोलला न्हाईस का?" अक्का एकदम चिडून म्हणाली.

"मलापण पावडर पाहिजे होती."

तो येऊन खांबाला टेकून बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला माझी सही घेतलेला एक कागद आहे ना? मी तो वाचला नव्हता. अक्का म्हणाली कर, म्हणून केली. त्यात काय आहे ते सांगा मला."

मी सांगितलं. चार पानांचा कागद होता, त्यातलं आठवेल तेवढं सगळं. तो मध्येमध्ये थांबवून विचारत होता. पावडर डोक्यात नेमकं काय करते, तेही विचारलं.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. निरोप घेणाऱ्या पेशीवर एक दार असतं. ते एका किल्लीनं उघडत नाही, दोन लागतात. एक निरोपाबरोबर येते. दुसरी म्हणजे हे डी-सेरीन. ते कमी पडलं तर निरोप येतो, पण दार उघडत नाही."

"आणि जास्त झालं तर?"

"दार वाजवीपेक्षा जास्त उघडं राहतं. मग पेशी आतून मरायला लागते. लकव्यात असं होत असावं, स्नायूंच्या एका आजारातही ते वाढलेलं सापडलंय."

त्यानं मान हलवली. "धरणाच्या दरवाज्याचं पण तसंच आहे. किती उघडायचा, ते बघायला तिथं माणूस बसवलेला असतो. इथं कोण बघतं?"

"ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही."

तो थोडा वेळ टेप उघडत-मिटत राहिला.

"मूत्रपिंड बरं होईल?"

"लगेच थांबवलं तर होईल असं वाटतं. उंदरांचं झालंय."

"आणि मी?"

अक्कानं तोंड फिरवलं.

"मी परत पहिल्यासारखा होणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "होण्याची शक्यता जास्त आहे. पण किती दिवसांत, ते नाही सांगता येत. कदाचित आठ-दहा दिवस चांगले जातील."

"आठ-दहा दिवस," तो म्हणाला, एखादं माप लिहून घ्यावं तसं. मग उठला. "सोमवारी मी येतो. डॉक्टरांना मीच सांगणार. तुम्ही नको आणि अक्का नको. उद्यापासून पावडर घेत नाही."

"मी मरेन रे," अक्का म्हणाली.

"नाही मरत. तू पण इथंच असणार, मी पण इथंच असणार."

सोमवारी तो आला. डॉ. रणदिवे यांच्यासमोर उभं राहून त्यानं स्वतः सगळं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळला आणि दोन्ही वेळा थांबून पुन्हा पहिल्यापासून वाक्य घेतलं. डॉक्टरांनी त्याची लघवी तिथंच तपासून घेतली. प्रथिनं सहाव्या आठवड्याच्या तिप्पट झाली होती.

तो बाहेर गेल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. शुक्रवारी खात्री झाली."

"म्हणजे तुझ्यामुळे तो आणखी दोन दिवस ती पावडर घेत राहिला. कारण त्याच्यात सुधारणा होत होती, हो ना?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "बहिणीनं फसवलं ते मी समजू शकतो. ती बहीण आहे. तू कोण होतीस?"

ते बरोबर बोलत होते.

पुढच्या मंगळवारी दोघं तपासणीला आली तेव्हा प्रथिनं निम्म्यावर आली होती. भूपाल बोलत होता, पण शब्दांमधली अंतरं वाढली होती. त्याच्या हातात गुंडाळी केलेला एक मोठा कागद होता. तो त्यानं माझ्या टेबलावर पसरला.

आरेखकाच्या सुबक, उभ्या अक्षरात लिहिलेला तो कागद होता. वर ठळक अक्षरात 'सूचना', जशी नकाशाच्या कोपऱ्यात असते. खाली:

मला सगळं ऐकू येतं. अकरा वर्षं येत होतं.

काही विचारलंस की उत्तर येतं, पण ते तोंडापर्यंत पोचायच्या आत तू पुढचं विचारतेस. थांबत जा. मनात शंभरपर्यंत मोज.

पाहुण्यांना माझ्यासमोर 'त्याला काय कळत नाही' म्हणू नकोस.

अंघोळ कर म्हणून मागे लागू नकोस. पाणी काढून ठेव आणि तिथून जा.

माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघ. डॉक्टरनी पण बघावं. मॅडमनी पण.

मी पळून जाईन म्हणून तू मला एकट्याला सोडत नाहीस. पळून जा म्हणणारे आवाज केव्हाच गेले. तू पर्यवेक्षिकेचं प्रशिक्षण तीनदा नाकारलंस, ते मला माहीत आहे. पुढच्या वेळी जा. मी जेवण वाढून घेऊ शकतो. घेणार नाही कदाचित, पण शेजारच्या शकुंतलाकाकूला सांग, ती ताट ठेवून जाईल.

खाली तारीख होती आणि सही. ती कुणाच्या सांगण्यावरून केलेली नव्हती.

अक्कानं कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता भूपालकडे वळली आणि म्हणाली, "रडायचा आवाज पण येत होता का तुला माझा?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मी मनात मोजत होते. साठ, सत्तर. ऐंशीच्या पुढे कुठंतरी तो म्हणाला, "हो."

महिनाभरात प्रथिनं पूर्ण गेली. भूपालचं बोलणंही गेलं. एकदम नाही, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतं तसं. शेवटी-शेवटी नुसतं 'हो' आणि 'नको' उरलं, मग तेही नाही.

चाचणी संपल्यावर कुणाला कोणती पावडर मिळाली त्याची बंद पाकिटं उघडली. दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. आमच्या शोधनिबंधात भूपालबद्दल एकच ओळ छापून आली: एका रुग्णाच्या लघवीत प्रथिने आढळल्याने त्याचे औषध थांबवण्यात आले, मूत्रपिंडाचे कार्य पूर्ववत झाले. ओळ मीच लिहिली होती. तिच्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन वर्षांनी, दुसऱ्या शहरात नोकरीला लागल्यावर, एका कामासाठी मला तिकडं जावं लागलं. वेळ होता म्हणून गावात गेले. दार भूपालनं उघडलं. दाढी वाढलेली, सदरा एका बटणानं वरखाली लावलेला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"अक्का कुठाय?" मी विचारलं, आणि या वेळी थांबले.

बऱ्याच वेळानं त्यानं हात करून भिंत दाखवली. तिथं कॅलेंडरवर आठ तारखांभोवती लाल गोल केले होते आणि शेजारी अक्काच्या अक्षरात 'प्रशिक्षण' लिहिलं होतं. त्यातल्या पाच तारखांवर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या. फुल्या तिच्या हातच्या असणं शक्य नव्हतं.

मी तासभर बसले. त्याच्याकडे बघून त्याला सगळं सांगितलं. त्या गुरुवारचं, शुक्रवारचं, आणि ओट्यावर मी काय म्हणणार होते तेही. तो ऐकत होता की नाही, असा प्रश्न आता मला पडत नव्हता. नवीन ठिकाणी मी काय करते ते सांगितलं. डी-सेरीन शरीरात मोडणारं एक एन्झाइम असतं, ते थोडं अडवलं तर पावडर न देताच मेंदूतलं डी-सेरीन वाढेल का, मूत्रपिंडाला न दुखवता, त्यावर काम चाललंय, म्हणाले. अजून हाती काही नाही, हेही सांगितलं.

निघायला उठले तशी तोही उठला. पायात चपला घातल्या. दाराला कडी लावली. मी काही विचारलं नाही. आम्ही दोघं गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत चालत गेलो, तो माझ्या अर्धं पाऊल मागे.

उन्हात वीस मिनिटं थांबलो. लांबून एस.टी. दिसली. ती भरलेली होती आणि ड्रायव्हर वेग कमी करेल असं लक्षण दिसेना. मी हात करणार, तेवढ्यात भूपाल दोन पावलं रस्त्यावर गेला आणि त्यानं हात वर केला. सरळ, पूर्ण, पंजा उघडा.

गाडी थांबली.

कंडक्टरनं दार उघडून त्याला विचारलं, "कुठं जायचंय?"

कंडक्टर घाईत होता. मागची माणसं ओरडत होती. भूपालनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पायरीवर पाय ठेवला नाही. कंडक्टरला म्हणाले, "एक मिनिट थांबा. तो सांगतोय."